कोरलेल्या भुवया

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत शाळाप्रवेश, शुद्धलेखन, मुंज आणि मंगळागौर यांविषयीचे प्रश्न नेहमीचेच. गेल्या दोन महिन्यांत मात्र भुवयांविषयी दोन पत्रे आली, आणि ती वाचताना आमच्याच भुवया किंचित उंचावल्या. पहिले पत्र देवासच्या एका मातोश्रींचे. मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे आणि कन्येने हट्ट धरला आहे की, लग्नाआधी ‘मायक्रोब्लेडिंग’ करून घ्यावयाचे. मातोश्रींचे प्रश्न तीन : हे गोंदणच ना? दुखते किती? आणि पुढे आवडले नाही तर जाते का? दुसरे पत्र इंदुरातलेच, पन्नाशीच्या एका वहिनींचे. वीस-पंचवीस वर्षे दर पंधरवड्याला दोऱ्याने भुवया कोरून घेता घेता आता कोरण्याजोगे फारसे उरलेच नाही, असे त्या लिहितात. या वयात असले थेर शोभतील का, हेही आम्हीच सांगावे अशी त्यांची अपेक्षा आहे.

खडू-फळ्यात आयुष्य गेलेल्या मनुष्याने या प्रांतात पाऊल टाकावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. विषय घ्यावयाचा ठरला तो या पत्रांपेक्षा निराळ्याच कारणाने. ते पुढे येईल. शहरातील एका त्वचारोगतज्ज्ञांशी आणि हे काम काही वर्षे करीत असलेल्या एका भगिनींशी आम्ही सविस्तर बोललो. (टिपून घ्यावयास वही नेली होती, तिचे त्या भगिनींना फार हसू आले.) त्यांतून जे कळले आणि जे आधीपासून ठाऊक होते, ते येथे मांडीत आहोत.

आपल्या वाङ्मयाने भुवईला फार जपले आहे. ती चढते, उंचावते, आकसते. कवींच्या हाती ती लता होते, धनुष्य होते. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदासाने पार्वतीच्या भुवयांचे वर्णन केले आहे, तेही अंजनाच्या शलाकेने रेखाटल्यासारख्या म्हणून, त्या पाहून मदनाला आपल्या धनुष्याचा गर्व सोडावा लागला. म्हणजे निसर्गदत्त भुवईची परमावधीची स्तुती करावयाची वेळ आली, तेव्हा कविकुलगुरूलाही ‘काढल्यासारखी’ हीच उपमा सुचली. मग कन्येने काढून घेण्याचा हट्ट धरला तर तिला एकटीलाच दोष का द्यावा? भरताच्या नाट्यशास्त्रात भुवईची सात कर्मे सांगितली आहेत : उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. यांतली शेवटची, ‘सहज’, म्हणजे जिला त्या क्षणी काहीच सांगावयाचे नाही अशी स्वस्थ भुवई. वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा.

भरताने नटासाठी जे सांगितले त्याला आधुनिक विज्ञानाचाही दुजोरा आहे. 2003 साली अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. सुप्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांतून एकदा डोळे पुसून टाकले आणि एकदा भुवया. डोळे नसलेले चेहरे लोकांनी जितके ओळखले, त्याहून भुवया नसलेले चेहरे कमी ओळखले. आपण माणसाला डोळ्यांवरून ओळखतो अशी आपली समजूत. ओळख पुष्कळशी राहते ती डोळ्यांच्या वरच्या त्या दोन रेघांत.

आता मूळ विषयाकडे. भुवया ‘कोरणे’ हा शब्द आपण दोऱ्याच्या कामासाठी वापरतो, पण त्यात कोरले असे काहीच जात नाही, केस उपटले जातात. या नव्या प्रकारात मात्र खरोखरच कोरावे लागते. हातात धरावयाच्या एका लहानशा मुठीला अतिशय बारीक सुयांची एक ओळ बसविलेली असते. दहा-बारा, कधी अठराही सुया. ती ओळ पात्यासारखी दिसते, म्हणून नावात ‘ब्लेड’. तिने त्वचेत केसाएवढी बारीक रेघ ओढतात आणि त्या रेघेत रंग भरतात. अशा अनेक रेघा केसांच्या दिशेने, एकमेकींत मिसळतील अशा ओढल्या की, दोन हातांवरून पाहणाऱ्यास त्या केसच वाटतात. दुसरा प्रकार यंत्राच्या सुईने बारीक ठिपके टोचण्याचा. त्याने पावडर लावल्यासारखी मऊ छटा येते. तेलकट त्वचेत रेघा लवकर पसरून पुसट होतात, अशांना ठिपक्यांचा प्रकार अधिक टिकतो. वहिनींनी हे नोंदवून ठेवावे.

तेव्हा मातोश्रींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, होय, हे गोंदणच आहे. आमच्या आजीच्या पिढीतील बायकांच्या कपाळावर आणि हनुवटीवर जे हिरवट ठिपके असत, ते दिव्याच्या काजळीत तीन-चार सुया बुडवून टोचलेले. आमच्या मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडच्या बैगा स्त्रियांच्या कपाळावर लहानपणीच गोदना काढण्याची चाल प्रसिद्ध आहे. तत्त्व तेच : सुईने वाट करावयाची आणि त्या वाटेने रंग आत सोडावयाचा. फरक दोन गोष्टींत आहे. गोंदण खोल जाई आणि काजळीचे कण शरीराला सहसा हलवता येत नाहीत, म्हणून ते सरणापर्यंत सोबत करी. भुवईचे काम त्वचेच्या आतल्या थराच्या अगदी वरच्या काठाशी थांबवितात. रंगही बहुधा लोहाच्या भस्मांचे, म्हणजे आयर्न ऑक्साइडचे असतात. ते हळूहळू फिके होतात. साधारण एक ते तीन वर्षे, उन्हात फिरणाऱ्यांचे आणि तेलकट त्वचेच्या लोकांचे त्याहून लवकर. म्हणून याला ‘अर्धस्थायी’ म्हणतात. आम्हांस हा शब्द जरा फसवा वाटतो. अर्धे जाईल हे खरे, परंतु उरलेले अर्धे कधी जाईल याची हमी कोणी देत नाही. सुई जराशी खोल गेली तर रेघ पसरते, निळसर-राखी दिसू लागते आणि वर्षानुवर्षे राहते; काही रंगांतील काळी छटा आधी विरते आणि मागे तांबूस झाक उरते. पावडरीसारखे धुऊन जाईल अशा समजुतीने कोणी या खुर्चीत बसू नये.

दुखण्याविषयी फार लिहावयास नको. आधी बधिर करणारे मलम अर्धा तास लावतात; त्यानंतर ओरखडल्यासारखे वाटते आणि रेघ ओढल्याचा कुरकुर असा बारीक आवाज कानाशी येतो, तोच पुष्कळांना दुखण्यापेक्षा अधिक नकोसा होतो. सगळे काम दोन-तीन तासांचे. यातला सर्वांत महत्त्वाचा वेळ सुई हाती घेण्यापूर्वीचा असतो. चांगले काम करणारी व्यक्ती आधी नाक, डोळ्यांचे कोपरे आणि कपाळ यांवरून मापे घेऊन पेन्सिलीने पूर्ण भुवई काढून दाखविते. ते रेखाटन बसल्या स्थितीत, चेहरा सैल सोडून तपासावे. आडवे झाल्यावर त्वचा मागे सरकते आणि माप चुकते. मग हसून पाहावे, रागावून पाहावे. लग्नाच्या छायाचित्रात शोभावी म्हणून भुवईची कमान अंमळ उंच काढली, तर ती मुलगी पुढची दोन वर्षे सासरी प्रत्येक गोष्टीचे आश्चर्य करीत असल्यासारखी दिसेल. भरताची ‘सहज’ भुवई हवी ती येथे. आरशात आकृती पटली नाही तर उठून घरी यावे. पेन्सिल पुसता येते.

पुढचे दीड महिने कसे जातात, हे आधी न सांगितल्यामुळे बहुतेक मंडळी घाबरतात. पहिल्या दिवशी भुवया हव्या त्याच्या दीडपट गडद, किंचित सुजलेल्या आणि कडक दिसतात. घरातले कोणी ना कोणी ‘हे काय करून आलीस’ म्हणतेच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पातळ खपल्या सुटू लागतात, खाज येते. खाजवावयाचे नाही आणि खपली काढावयाची नाही. ओढून काढलेल्या खपलीबरोबर रंगही निघतो. पहिले आठ-दहा दिवस भुवया भिजवू नयेत. वाफ, कडक ऊन, पोहणे आणि पुष्कळ घाम येईल असे काम टाळावे. सांगितलेले मलम पातळ लावावे आणि घरगुती उपाय दूर ठेवावेत. जखम म्हटली की हळद, हा आपला हात आपोआप जाणारा मार्ग आहे. येथे तो बंद समजावा.

मग तिसरा आठवडा येतो आणि भुवया जवळजवळ नाहीशा होतात. पैसे पाण्यात गेले असे वाटावयास लावणारा हाच काळ. खरी गोष्ट अशी की, वरच्या थरातला रंग खपल्यांबरोबर गेलेला असतो आणि आतल्या रंगावर आलेली नवी त्वचा अजून दुधाळ असते. ती निवळली की चौथ्या ते सहाव्या आठवड्यांत रंग पुन्हा वर येतो, पहिल्या दिवसापेक्षा बराच सौम्य, आणि तोच खरा रंग. त्यानंतर दुसरी बैठक घेऊन जेथे रेघ धरली नाही तेथे भरतात. ही दुसरी बैठक मूळ कामाचाच भाग आहे; तिचे पैसे पहिल्यात धरले आहेत की वेगळे, हे आधीच विचारून घ्यावे. मातोश्रींनी आता महिने मोजावेत. मार्गशीर्षातल्या लग्नासाठी पहिली बैठक भाद्रपदात, फार तर आश्विनाच्या आरंभी झाली पाहिजे. आठ दिवसांवर लग्न आले असता हे काम केले तर खपल्या नेमक्या हळदीच्या दिवशी सुटतील, आणि हळद लावणाऱ्या काकू-मावश्यांचे हात कोण आवरणार?

आता वहिनींचा प्रश्न. त्यांना आम्ही प्रथम असे विचारू की, भुवया विरळ झाल्या त्या दोऱ्यानेच, हे नक्की कशावरून? वर्षानुवर्षे उपटलेले केस पुढे येईनासे होतात, हे खरे आहे. पण भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा झडणे हे थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचेही लक्षण असते. गोल चट्ट्यात केस गेले तर ती चाई असू शकते. आणि एक कारण असे आहे की ज्याचे नाव घराघरांतून अजून दबल्या आवाजात घेतले जाते : कुष्ठरोग. त्याच्या एका प्रकारात भुवया बाहेरच्या बाजूने झडत जातात. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, परंतु नवे रुग्ण आजही सापडतात. बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी रुग्णालयांत औषध विनामूल्य मिळते. अशा वेळी शरीराने कपाळावर लिहिलेली सूचना रंग भरून झाकून टाकणे घातक ठरेल. म्हणून विरळ भुवया घेऊन प्रथम डॉक्टरांकडे जावे, थायरॉइडची रक्ततपासणी करावी, तीन-चार महिने दोरा पूर्ण बंद ठेवून काय उगवते ते पाहावे, आणि मग सुईचा विचार करावा.

कुष्ठरोगाचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. वहिनींच्या ‘थेर’ या शब्दाचे उत्तर त्यातच आहे. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे आखडलेले हात शस्त्रक्रियेने चालते केले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. हात चालू लागले तरी काम मिळत नसे, कारण भुवया नसलेला चेहरा पाहून गावकरी रोग ओळखत. रोग गेलेला, पण खूण राहिलेली. म्हणून त्या शल्यविशारदांनी रुग्णांना भुवयाही दिल्या. कानशिलावरची केसाळ त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट सोडवून, कपाळाच्या त्वचेखालून ओढून भुवईच्या जागी बसवीत. डोक्याचाच केस तो, वाढतच राही, त्यामुळे त्या भुवया कात्रीने कातरून ठेवाव्या लागत. काही रुग्ण मोठ्या अभिमानाने त्या वाढू देत, असेही सांगतात. ज्याला भुवया आहेत त्याने भुवयांच्या हौसेला खुशाल हसावे.

आता ते कारण. आमच्या विद्यालयात गणित शिकविणाऱ्या एका अध्यापिकांना दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. त्यांच्या अनुमतीने, नाव न घेता हे लिहीत आहोत. शस्त्रक्रिया झाली, किमोथेरपी झाली, डोक्यावरचे केस गेले आणि मागाहून भुवयाही गेल्या. त्या कामावर रुजू झाल्या तेव्हा डोक्याला रेशमी रुमाल बांधून येत आणि भुवया पेन्सिलीने काढीत. एप्रिलातल्या उन्हाळ्यात तिसऱ्या तासाला घाम पुसताना एक भुवई रुमालावर उतरली आणि वर्गात कोणीतरी हसले. मुलांचा दोष फारसा नाही, त्यांस काही सांगितलेलेच नव्हते. पूर्वी याच बाई मागच्या बाकाकडे पाहून एक भुवई नुसती उचलीत आणि सारा वर्ग गप्प होई. तीस वर्षांच्या अध्यापनातले त्यांचे ते शस्त्र होते. शिक्षक-कक्षात त्यांनी मायक्रोब्लेडिंगचा विषय काढला तेव्हा एक सहकारी म्हणाले, “जीव वाचला हे काय थोडे झाले, भुवयांचे काय घेऊन बसलात?” बाई शांतपणे म्हणाल्या, “जीव वाचला म्हणूनच तर चेहरा लागतो.” आम्ही तेथेच होतो. या उत्तरात कोठे काना-मात्रेचीही दुरुस्ती आम्हांस सुचली नाही.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी नियम वेगळे आहेत. किमोथेरपी चालू असताना हे काम मुळीच करावयाचे नाही, कारण त्या काळात पांढऱ्या पेशी कमी असतात आणि लहानशी जखमही चिघळू शकते. कर्करोगतज्ज्ञ हो म्हणत असतील तर उपचार सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, नाहीतर ते संपून शरीर सावरल्यानंतर. बहुतेकांच्या भुवया उपचारानंतर काही महिन्यांत परत येतात, तेव्हा थोडी वाट पाहणे शहाणपणाचे. बाईंनी सहा महिने वाट पाहिली. केस आले, पण तुरळक. मग डॉक्टरांची लेखी संमती घेऊन यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहिली बैठक झाली आणि शाळा उघडण्याच्या सुमारास दुसरी. तिसऱ्या आठवड्यात त्यांचाही दूरध्वनी आलाच : “सर, गेल्या हो सगळ्या!” तोवर आमची वही भरलेली असल्यामुळे आम्हांस धीर देता आला.

आणखी कोणी या वाटेस जाऊ नये किंवा वैद्यांना विचारल्यावाचून जाऊ नये, तेही सांगितले पाहिजे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी थांबावे. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी, जखमेवर मांस उंच वाढण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी थांबावे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करून खुर्चीत बसणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग. कोड किंवा सोरायसिस असलेल्यांच्या त्वचेवर जेथे सुई लागते तेथेच नवा डाग उमटण्याचा संभव असतो. रंगाची अ‍ॅलर्जी हीही खरी गोष्ट आहे. अमेरिकेत 2003-04 च्या सुमारास अशाच प्रसाधनासाठी वापरलेल्या काही रंगांनी अपाय झाल्याच्या दीडशेहून अधिक तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या होत्या. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून अशा रंगांतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. आपण निदान एवढे करावे की, बाटलीवरचे नाव आणि मुदत वाचावी आणि रंगाचा एक ठिपका कानामागे लावून काही दिवस थांबावे.

काम करणाऱ्या व्यक्तीची निवड करताना भिंतीवरच्या प्रमाणपत्रांना आम्ही फारसे महत्त्व देणार नाही. दोन-तीन दिवसांच्या वर्गानंतरही ती मिळतात, आणि प्रमाणपत्रे कशी मिळतात हे शिक्षकाला कोणी शिकवू नये. सुयांचे बंद पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडले जाते का, हातमोजे नवे आहेत का, वापरलेली सुई कोठे टाकतात, हे पाहावे. एका सुईने दुसऱ्याची कावीळ ‘ब’ किंवा ‘क’, अगदी एच.आय.व्ही.सुद्धा आपल्याकडे येऊ शकतो. त्याच दिवशी काढलेली सुंदर छायाचित्रे पाहू नयेत. वर्षभरापूर्वी केलेल्या भुवया आज कशा दिसतात ते दाखवा म्हणावे. दर काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत ऐकावयास मिळतात, आणि फार स्वस्त सापडले तर कशात काटकसर केली आहे याचा विचार करावा.

मातोश्रींचा तिसरा प्रश्न राहिला. न आवडलेली भुवई लेसरने काढता येते, पण सोपे नाही. लोहाचे तांबूस-तपकिरी रंग लेसरखाली उलट काळे पडू शकतात. चुकलेल्या रेघेवर कातडीच्या रंगाचा थर भरून ती झाकून देण्याचा प्रस्ताव कोणी ठेवला तर तो नाकारावा. त्यातल्या पांढऱ्या टायटॅनियमचेही लेसरखाली तेच होते आणि मग काढण्याचे काम अधिक कठीण बनते. लेसर त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावा, तोही आधी लहानशा जागी करून पाहून. हे काम केल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. एम.आर.आय. तपासणीची वेळ आली तर भुवयांत लोहाचा रंग आहे हे तंत्रज्ञास आधी सांगावे. क्वचित कोणाला तेथे चुरचुरते किंवा सूज येते, पण त्यासाठी तपासणी चुकवावयाचे कारण नाही. रंग फिका झाल्यावर पुन्हा भरावयाचा तर जुने बरेच विरेपर्यंत थांबावे. दरवर्षी थरावर थर चढत गेले की रेघा दिसेनाशा होतात आणि भुवईच्या जागी नुसता पट्टा उरतो.